एका ताटात दोघींच्या गोळ्या

रोह्याच्या बाजारपेठेतून कुंडलिकेच्या पुलाकडे जाताना डाव्या हाताला एक दुकान लागतं. त्याला पाटी नाही. होती, पण ती वादळात उडाली, नदीपलीकडे कुठे जाऊन पडली देव जाणे, आणि नवी लावायची गरज कोणाला वाटली नाही. पंचक्रोशीत कोणाचा पंप जळाला की त्याचे पाय आपसूक तिकडेच वळतात. आत उंच स्टुलावर एक बाई बसलेली असते. समोर पोट उघडलेली मोटर, बोटांत केसासारखी बारीक तांब्याची तार, आणि ओठ सारखे हलत असतात. बाई जप करत नसते, तारेचे वेढे मोजत असते. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही, हे गावाला ठाऊक आहे. नवखा कोणी बोललाच, तर ती वर न बघता उजवा तळहात उभा धरते आणि मोजत राहते.

ही ज्युडिथ रोहेकर, कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू समाजातली. वय एक्केचाळीस. तिचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा गेला, तेल गेलं, पण शनिवार राहिला. तिचे वडील मोझेस तेलातून विजेकडे आले, जळालेल्या मोटरींना नवी तार भरू लागले. तिच्या बरोबरीची समाजातली सगळी पोरं एकेक करून इस्रायलला गेली, धाकटा भाऊसुद्धा गेला. तिलाही बोलावणी आली, स्थळं आली. ती म्हणाली, "तिकडे पंप जळाला की नवा आणतात म्हणे. मग मी तिकडे करू काय?" आणि ती राहिली.

लहानपणापासून तिला एक खोड होती. बंद वस्तू तिला बघवत नसे. वडिलांचं घड्याळ, शेजारणीचा रेडिओ, शाळेतली घंटा, काय असेल ते उघडून आत बघायचं. मोझेसनी तिला कधी मारलं नाही. ते एवढंच म्हणायचे, "उघडलंस ना? मग आता लाव परत." तिचं सगळं शिक्षण या एका वाक्यावर झालं.

पस्तिसाव्या वर्षी तिच्याच अंगात काहीतरी उघडं पडलं. आधी डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं, ते महिन्याने विरलं. मग उजव्या हाताची दोन बोटं अशी झाली की जणू ती तिची नव्हतीच. तार धरलेली कळेना, सुटलेली कळेना. वर्षभर कोणी मणका म्हणालं, कोणी जीवनसत्त्वं म्हणालं. शेवटी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात डोक्याचा एमआरआय झाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडापुढे धरून पांढरे ठिपके दाखवले. रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. त्या समजावू लागल्या, "मज्जातंतूवर एक आवरण असतं. तुमच्या शरीराची संरक्षण करणारी फौजच चुकून त्या आवरणावर..."

"तारेवरचं इनॅमल गेलं," ज्युडिथ म्हणाली.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "काय?"

"तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. दिसत नाही, पण तो गेला की वेढ्याला वेढा टेकतो आणि करंट भलत्याच वाटेने जातो. माझं तसंच झालंय ना?"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या इतर रोग्यांनाही तारेचंच उदाहरण देऊ लागल्या.

उपचार सुरू झाले. दर सहा महिन्यांनी एकदा दिवसभर सलाईनमधून औषध. ठिपके वाढायचे थांबले, पण बोटं पुरती परत आली नाहीत. ज्युडिथने डाव्या हाताला तार भरायला शिकवलं. पाच वर्षं अशी गेली. मग एका भेटीत डॉक्टरीणबाईंनी नवीन गोष्ट काढली.

एक विषाणू आहे, त्या म्हणाल्या. लहानपणी लाळेतून येतो. शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात तो असतोच, आणि बहुतेकांना कळतही नाही. अंगातून तो कधी जात नाही, दडून बसतो. एमएस झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात तो सापडतो. त्याचा या रोगाशी काहीतरी संबंध आहे, हे आता बरंच पक्कं झालं आहे. पण रोग जडल्यावर त्याला दाबून ठेवलं तर फायदा होतो का, हे कोणालाच माहीत नाही. म्हणून तपासायचं. चालू औषध तसंच राहील, त्यावर रोज एक जादा गोळी. अर्ध्या लोकांच्या गोळीत विषाणूविरुद्धचं औषध असेल, अर्ध्यांच्या गोळीत काहीच नसेल.

"कोणाच्या कशात काय, ते तुम्हाला माहीत असणार?"

"नाही. मलाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. दीड वर्षाने सगळं पुरं झाल्यावर उघडायचं."

दीड वर्ष बंद राहणारी वस्तू ज्युडिथच्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. तिने पानंच्या पानं वाचली, सतरा प्रश्न विचारले आणि सही केली. तिला बरं व्हायचं होतं हे खरं. पण त्याहून तिला हे कळायला हवं होतं की पस्तीस वर्षं अंगात गप्प बसलेला हा पाहुणा खरंच चोर आहे, की उगाच त्याच्यावर आळ आला आहे.

बाटली मिळाली, नंबर एकतीस. परतीच्या गाडीत पनवेलनंतर डबा मोकळा झाला, तर समोरच्या बाकावर तशीच बाटली हातात धरून एक बाई बसलेली. डोक्यावरून ओढणी, पायाशी पापडांची पिशवी.

"तुमची कितवी?" त्या बाईने विचारलं.

"एकतीस."

"माझी छत्तीस. आमना माझं नाव. पेणची." मग तिने ज्युडिथच्या गळ्यातला सहा टोकांचा तारा पाहिला. "तुम्ही बेने इस्रायल काय? आमच्या गल्लीत होती दोन घरं. गेली सगळी."

"मी नाय गेले."

"मीपण नाय गेले," आमना हसली. "माझा नवरा मुराद गेला, कुवैतला. मी इथंच पापड लाटते."

पेणचे पोह्याचे पापड तिच्या हातचे. रोज दोनशे, एकसारखे गोल, उजेडापुढे धरले तर पलीकडचं दिसावं इतके पातळ. आता हात थरथरायचा, लाटणं एका बाजूला जायचं, पापडाला कान फुटायचे. दुकानदाराने अजून काही म्हटलं नव्हतं, पण आमना स्वतःच तसले पापड वेगळे काढून घरी खात होती.

त्या एका प्रवासात दोघींची अशी गट्टी जमली की जशा एकाच अंगणात वाढल्या. पुढे रोज फोन. "काय गो, हात कसा हाय?" "तुझा सांग आधी." दर तीन महिन्यांनी एकाच गाडीने जायचं, ज्युडिथ रोह्याला चढायची, आमनासाठी खिडकी धरायची. रुग्णालयात पंचवीस फूट चालून दाखवायचं, नऊ भोकांच्या फळीत नऊ खुंट्या घालून परत काढायच्या, रक्त द्यायचं आणि एका नळीत थुंकायचं. ते थुंकणं आमनाला फार विनोदी वाटे. "आमच्याकडं थुंकलं की आई मारायची. इथं थुंकलं की चहा देतात."

पहिली बाटली अशी नीट संपली. दुसरी मिळाली त्या आठवड्यात मोझेसनी घरी मलिदा केला. मुलगी तपासणीत घेतली गेली तेव्हाच त्यांनी तसा नवस बोलला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर पाच जातींची फळं, आणि मोठं ताट भरून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. पूर्वी या घरात चाळीस माणसं बसायची. आता समाजातली चार, बाकी शेजारपाजार. आमनाही आली होती, पापड घेऊन. प्रार्थना झाल्यावर मोझेसनी स्वतः वाटे घातले. शेजारी, पाहुणा, पोस्टमन, जे आले नाहीत त्यांचेसुद्धा, आणि प्रत्येक वाटा सारखा. कमी नाही, जास्त नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा त्या बाबतीत सोनाराच्या वर होता.

जेवणं झाल्यावर दोघी पडवीत बसल्या. आमनाने वाटा नुसता हातात धरला होता, एक घासही खाल्ला नव्हता.

"काय झालं गो?"

"माझी रिकामी हाय," आमना म्हणाली.

"काय रिकामं?"

"बाटली. तीन महिने झाले, हात होता तसाच. तू बघ, कशी तरतर चालतेस. तुझ्यात औषध हाय, माझ्यात नाय. नशीब माझं." तिने डोळे पुसले नाहीत, पण वाट्यातला पोहा तिच्या हाताबरोबर हलत होता. "तिथं चाकाच्या खुर्चीवर ती बाई बघितलीस ना? माझ्याच वयाची हाय. मी तशी झाले तर मुरादला काय सांगू?"

ज्युडिथने तिच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. आत मोझेस अजून कोणाचा तरी वाटा केळीच्या पानात बांधत होते. आणि तिच्या मनात जे आलं ते रोह्याच्या त्या घरात, त्या दिवशीच येऊ शकत होतं. ती उठली, आपली बाटली घेऊन आली. आमनाच्या पिशवीतली तिची बाटली काढली. मलिद्याचं मोठं ताट धुऊन पुसून उपडं ठेवलं होतं, ते सुलटं केलं, आणि दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या. पांढऱ्या गोळ्या ताटभर खडखडल्या. एकसारख्या. ज्युडिथने दोन उचलून वास घेतला, जिभेला लावून पाहिल्या. चवही एकच. हाताने खालीवर करून तिने त्या मिसळल्या, मग मोजून दोन वाटे केले, एकेक गोळी, तुला, मला, तुला, मला.

"आता दोघींना सारखं," ती म्हणाली. "अर्धं का होईना, दोघींना औषध."

आमनाने तिचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

तीन महिने त्या वाटलेल्या गोळ्या चालल्या. आमनाचा फोन यायचा, "आज एकशे ऐंशी लाटले, एकाला कान नाय!" ज्युडिथला स्वतःत काही फरक दिसत नव्हता, पण आमनाचा आवाज ऐकून तिला बरं वाटायचं.

तिसऱ्या भेटीला फायलींचं काम बघणाऱ्या प्रविणनी जुन्या बाटल्या मागून घेतल्या. हा पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीला बांधलेला, कामात काटेकोर. उरलेल्या गोळ्या मोजल्या, कागदाशी ताडून पाहिल्या आणि चेहरा फुलला. "वा! एकतीस आणि छत्तीस, एकही गोळी चुकली नाही. शिकलेली माणसं विसरतात हो. तुमच्या दोघींचा आदर्श सांगतो मी सगळ्यांना."

आमना खूश झाली. ज्युडिथच्या मात्र कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने उगाच विचारल्यासारखं विचारलं, "समजा, कोणी दुसऱ्याची गोळी घेतली, तर?"

"तर त्या नंबरची थुंकी खोटं बोलणार," प्रविण फाईल बांधता बांधता म्हणाले. "आम्ही लाळेत बघतो ना, विषाणू कमी झाला का. बिनऔषधाची गोळी खाणाऱ्याच्या लाळेत तो कमी दिसला, तर आम्ही समजू की आपोआपच कमी होतो. औषधाचा काही उपयोग नाही. आणि मग ते औषध पुढच्या कोणालाच मिळणार नाही."

ज्युडिथ बाकावर जाऊन बसली. तिच्या दुकानात नवीन कंपनीची तार आली की ती काय करायची? एक मोटर जुन्या तारेने भरायची, एक नव्या, आणि दोन्ही शेजारी शेजारी आठ दिवस चालवायची. कुठली आधी तापते ते हात लावून बघायची. वडिलांनी शिकवलेली रीत, ती कधी चुकली नव्हती. आणि इथे तिने दोन्ही तारा एकाच मोटरीत भरल्या होत्या. त्याही स्वतःच्या हाताने, वाटे घालून, पुण्य केल्यासारख्या.

परतीच्या गाडीत रसायनी गेल्यावर ती बोलली. "आमना, हे सांगायला हवं."

"कोणाला? वेडी काय गो तू?" आमनाचा आवाज चढला. "काढून टाकतील. तुला आणि मला. माझा हात आता कुठं बसतोय."

"गोळीनेच बसला कशावरनं?"

"मंग कशाने? तुझ्या फोनने?"

"असंपण असेल! तेच तर कळायचं होतं ना. आपण ते कळायची वाटच बंद केली."

"तुला कळायचं पडलंय. मला लाटायचं पडलंय," आमना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. जिते गेलं, हमरापूर गेलं. पेणला उतरताना तिने मागे पाहिलं नाही. नवीन बाटली ओढणीखाली घट्ट धरलेली होती.

घरी आल्यावर ज्युडिथने मोझेसना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, बाबा तरी म्हणतील की पोरी, चांगलंच केलंस. म्हाताऱ्याने ऐकलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"मलिद्याच्या ताटात?"

"व्हय."

"मलिदा आपण करतो, आपण वाटतो. त्या गोळ्या तू केल्या होत्यास?"

"नाय."

"मग परक्याची वस्तू कशी वाटलीस?" मग ते म्हणाले, "त्या बाईला तू जीव लावलास, त्याचं मी काही बोलत नाय. पण उघडलंस ना? मग आता लाव परत."

आमनाने आठ दिवस फोन घेतला नाही. ज्युडिथने नवी बाटली उघडली नव्हती, ती तशीच कपाटात ठेवली होती. नवव्या दिवशी ती एकटीच निघाली. आमनाला तिने आदल्या रात्री एकच निरोप पाठवला, "उद्या पहाटेच्या गाडीने जाते. माझं नाव सांगते, तुझं तू बघ." पण आपलं सांगितलं की आमनाचं आलंच, हे तिला ठाऊक होतं. बाटल्या दोन होत्या. तिच्या मनाला सगळ्यात जास्त तेच टोचत होतं. एका मैत्रिणीच्या हातातलं ती काढून घ्यायला निघाली होती, आणि तिला विचारूनसुद्धा नाही. नागोठणं गेलं, कासू गेलं. पेण आलं तेव्हा ती खिडकीतून न बघण्याचं ठरवून बसली.

"सरक," कोणीतरी म्हणालं.

आमना होती. हातात बाटली, पापडाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. बसल्याबसल्या ती म्हणाली, "माझ्या मावसबहिणीच्या पोरीला, सहरला, डोळ्यापुढं धुकं येतं म्हणे. एकवीस वर्षांची हाय."

ज्युडिथने उठून खिडकीची जागा तिला दिली.

"तिला उद्या कोणी गोळी दिली तर ती खरी असावी, एवढंच," आमना म्हणाली. "तुझ्यासाठी नाय आले."

"नको येऊस. बस नुसती."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोघी एकदमच बोलू लागल्या. ज्युडिथ म्हणे ताट माझं, आमना म्हणे रडले मी. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. प्रविणनी कपाळाला हात लावला. "आणि मी सगळ्यांना आदर्श सांगत फिरलो!"

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"ब्याऐंशी दिवस," ज्युडिथ म्हणाली. "एकशे चौसष्ट गोळ्या, निम्म्या निम्म्या. तारीख सांगू?"

सगळं लिहून घेतलं गेलं. ताट कुठलं, मिसळल्या कशा, कोणी किती खाल्ल्या. दोघींनी खाली सही केली. बाई रागावल्या, नाही असं नाही. माहीत नसलेलं औषध अंगात घालणं म्हणजे खेळ नव्हे, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, म्हणून तर दर वेळी रक्त घेतो, हे त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. पण शेवटी म्हणाल्या, "तुमचे सलाईनचे उपचार कोणी बंद करणार नाही. तपासायला दीड वर्षं यायचं, ते चुकवायचं नाही. गोळीचं मात्र या तपासणीवर लक्ष ठेवणारी समिती ठरवेल. आणि सांगितलंत, हे बरं केलंत. न सांगणारे किती असतील याची मला आता धास्ती आहे."

पंधरा दिवसांनी प्रविणचा फोन आला. ज्युडिथला पुन्हा तिच्या नंबरची बाटली मिळणार होती. आमनाच्या रक्तात मूत्रपिंडाचा एक आकडा जरासा वर गेला होता. काळजीचं नव्हतं, पण तिची गोळी बंद.

आमनाने हे ऐकून फोनवर इतकंच विचारलं, "म्हणजे ताटात औषध होतं?"

"असेल," ज्युडिथ म्हणाली. "नाहीतर उन्हाळाही असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मे महिन्यात पापड वाळवताना तू पाणी पीत नाहीस, त्यानेही आकडा चढतो."

"म्हणजे काय कळलंच नाय?"

"नाय."

मग आमना म्हणाली, "पण नंबर माझाच हाय ना अजून? छत्तीस?"

"तुझाच."

पुढच्या खेपेला आमना पेणला चढली, रिकाम्या हाताने. ज्युडिथची बाटली पिशवीत होती. तिने ती बाहेर काढली नाही आणि आमनाने विचारलं नाही. गोळी घेणारी एक, न घेणारी एक. इतकी अवघडलेली गाडी त्या दोघींनी कधी अनुभवली नव्हती. सोमटण्याला आमनाने डबा उघडून मुगाचे लाडू पुढे केले तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

रुग्णालयात ज्युडिथचं चालून झालं, थुंकून झालं. मग आमनाला आत नेलं. ज्युडिथ बाहेर बाकावर बसून दाराच्या काचेतून बघत राहिली. आमना खुंट्या घालत होती. तिचं डोकं खाली, ओढणी खांद्यावर सरकलेली, ओठ घट्ट मिटलेले. नऊ आत, नऊ बाहेर. मग तिने घड्याळाकडे पाहिलं आणि तशीच ताठ बसून राहिली.

बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर भलताच गोंधळ होता.

"किती?"

"चोवीस सेकंद."

"मागच्या वेळी?"

"सव्वीस. आणि तेव्हा गोळी चालू होती." आमनाने दोन्ही हात पुढे धरले, उलटे केले, सुलटे केले, जणू ते कोणाकडून मागून आणले होते. "तू एवढी हुशार. आता सांग, हे कशाने झालं?"

ज्युडिथने त्या हातांकडे पाहिलं. तिच्या डोक्यात एकाच वेळी दहा उत्तरं आली, आणि दहाही खरी असू शकत होती. तिने एकही तोंडाबाहेर काढलं नाही.

"प्रविणनी लिहिलं का?" तिने विचारलं.

"लिहिलं. माझ्यासमोर."

"मग झालं तर," ज्युडिथ म्हणाली, आणि चहावाल्याला दोन चहा सांगायला उठली.